मातृवंशाचा पुरावा व त्याची मर्यादा

आपल्याकडील वंशावळी बहुधा पितृपरंपरेच्या. त्यांत स्त्रियांचीं नांवें क्वचितच आढळतात. केवळ मातृपरंपरेची अशी एक वंशावळ मात्र प्रत्येक मनुष्याच्या पेशींत असते. पेशींतील तंतुकणिकांचा डीएनए अपत्यास आईकडून मिळतो. सुमारें १६,५६९ अक्षरांच्या या लेखांत मधून मधून घडलेले बदल पुढील पिढ्यांत उतरतात. पोथ्यांतील समान अपपाठांवरून त्यांची मूळ प्रत शोधावी, तद्वतच या बदलांवरून शाखा जुळवितां येतात.

रेबेका कॅन, मार्क स्टोनकिंग व ॲलन विल्सन यांनीं १९८७ सालीं १४७ व्यक्तींचा असा डीएनए, बहुतांशीं प्रसूतीनंतरच्या वारेंतून काढून, ताडून पाहिला. सर्व शाखा सुमारें दोन लक्ष वर्षांपूर्वींच्या, बहुधा आफ्रिकेंतील, एका स्त्रीपाशीं मिळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर आक्षेप आले. आफ्रिकी म्हणून घेतलेल्या २० व्यक्तींपैकीं १८ अमेरिकेंतील कृष्णवर्णीय होत्या. वृक्ष जुळविण्याच्या रीतीवरही टीका झाली. पुढें २००० सालीं ५३ व्यक्तींचे संपूर्ण लेख वाचले गेले व आफ्रिकी मूळाचें मत दृढ झालें.

तथापि या स्त्रीस रूढ झालेलें ‘ईव्ह’ हें नांव आम्हांस भ्रामक वाटतें. तिच्या काळीं अन्य स्त्रियाही होत्या. जीस कन्या नाहीं, तिची ही एक शाखा खुंटते. पुत्रद्वारा तिचा वंश चालूं शकतोच. पुरावा जितकें सांगतो तितकेंच मानावें, हा दप्तरांचा नियम येथेंही पाळला पाहिजे.