बर्फ वितळणे : मीठ व इतर पदार्थांचा परिणाम

शुद्ध पाण्याचा बर्फ नेहमीच्या वातावरणीय दाबाला ०° से. तापमानावर वितळतो. पाण्यात विरघळणारा पदार्थ त्यावर टाकला की वितळण्याचे हे तापमान खाली येते. थंड देशांत या गुणधर्माचा उपयोग रस्त्यावरचा बर्फ हटवण्यासाठी होतो. मुंबईत बर्फ विकत आणावा लागतो, म्हणून तिथे तोच गुणधर्म थंडावा वाढवण्यासाठी कामी येतो.

कारण : ०° से. तापमानाला बर्फातून जितके रेणू सुटून पाण्यात जातात, तितकेच पाण्यातून परत येऊन बर्फाला चिकटतात. मीठ विरघळले की सोडियम व क्लोराइड आयन पाण्यात मिसळतात, पण बर्फाच्या स्फटिकात सामावत नाहीत. परतणाऱ्या रेणूंचे प्रमाण घटते, सुटणाऱ्यांचे तेवढेच राहते आणि बर्फ वितळू लागतो. त्यासाठी किलोमागे सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. ती उरलेल्या बर्फातून, खाऱ्या पाण्यातून व भोवतालच्या वस्तूंतून ओढली जाते. मिठामुळे बर्फ तापतो, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. मीठ घातलेला बर्फ वितळत असताना अधिक थंड होत जातो.

प्रमाण : गोठणबिंदूतील घट विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणात वाढते, हे चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७८८ मध्ये मांडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राऊल्ट व व्हांट हॉफ यांनी त्याला नेमके गणिती रूप दिले. घट पदार्थाच्या वजनावर नव्हे, तर कणांच्या संख्येवर ठरते. १ किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळल्यास गोठणबिंदू सुमारे १.८६° ने उतरतो. ५८.५ ग्रॅम मिठाने तो सुमारे ३.४° ने उतरतो, कारण मिठाच्या प्रत्येक एककाचे दोन आयन होतात. मिठाच्या परिणामाला सीमा आहे. वजनाने सुमारे २३ टक्के मीठ असलेले द्रावण −२१° से.च्या आसपास गोठते. त्याखाली मीठ टाकून बर्फ वितळत नाही.

माहुल परिसरातील पदार्थ : मुंबईत चेंबूरजवळचे माहुल हे खाडीकाठचे कोळीवाड्याचे गाव. आज त्याला तेलशुद्धीकरण कारखान्यांनी वेढले आहे. इथे बर्फ पडत नाही, पण बर्फ वितळवणारे तीन महत्त्वाचे पदार्थ या टापूत तयार होत आले आहेत. पहिला मीठ : वडाळा ते मुलुंड या पूर्व किनारपट्टीवर मिठागरांचा जुना पट्टा आहे. समुद्राचे पाणी सुमारे −१.९° से.ला गोठते, तर मिठागरात आटून मीठ धरू लागलेले पाणी बर्फ करायचे झाल्यास तापमान −२१° से.च्या आसपास न्यावे लागेल. दुसरा मॅग्नेशियम क्लोराइड : मीठ काढून घेतल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यात तो असतो. त्याचे द्रावण सुमारे −३३° से.पर्यंत द्रवरूप राहू शकते. तिसरा युरिया : माहुलला लागून असलेल्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात तो खत म्हणून बनतो. त्याची सीमा सुमारे −१२° से. आहे. क्लोराइडांपेक्षा तो धातूला कमी गंजवतो, म्हणून थंड देशांतील विमानतळांच्या धावपट्ट्यांवर तो वापरला गेला. मात्र त्यातील नायट्रोजन पाण्यात उतरून शेवाळ वाढवतो. या तिघांखेरीज कॅल्शियम क्लोराइडही वापरतात. तो विरघळताना उष्णता बाहेर टाकतो व सुमारे −५०° से.पर्यंत परिणाम करतो.

उपयोग : बर्फाच्या कारखान्यात पाणी भरलेले पत्र्याचे डबे खाऱ्या पाण्याच्या टाकीत उभे करतात. अमोनियाच्या यंत्रणेने ही टाकी साधारण −१०° से.ला ठेवली जाते. खारे पाणी वाहते राहते आणि डब्यातल्या गोड्या पाण्याची लादी होते. मटका कुल्फी व पॉट आइस्क्रीम करताना बर्फाच्या चुऱ्यात खडे मीठ मिसळतात. १०० ग्रॅम बर्फाला ३३ ग्रॅम मीठ हे प्रमाण मिश्रणाला −२१° से.च्या जवळ नेऊ शकते. कुल्फीतल्या साखरेमुळे तिचाही गोठणबिंदू शून्याखाली असतो, म्हणून नुसता बर्फ तिथे पुरत नाही.

मासळी ताजी ठेवण्यासाठी मात्र बर्फ बिनमिठाचाच बरा. मासा साधारण −१° ते −२° से.ला गोठू लागतो. मीठ घातल्यास त्याचा वरचा भाग गोठून मांस बिघडते आणि बर्फही लवकर संपतो. मासे खारवण्यातले मीठ वेगळे काम करते : ते मांसातील पाणी ओढून घेते, तिथे वितळबिंदूचा संबंध नसतो.

मर्यादा व दुष्परिणाम : कडाक्याच्या थंडीत मीठ विरघळण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे −१०° से.च्या खाली रस्त्यावर त्याचा उपयोग फारसा होत नाही. क्लोराइडांमुळे वाहने व काँक्रीटमधल्या सळया गंजतात, तसेच विहिरी व ओढ्यांचे पाणी खारे होते. वाळू पाण्यात विरघळत नसल्याने तिने गोठणबिंदू बदलत नाही. ती फक्त चाकांना व पावलांना पकड देते. राखेचा गडद थर ऊन शोषतो आणि त्या उष्णतेने बर्फ वितळतो. ढगाळ दिवशी हा परिणाम बराच कमी होतो.