छापील अक्षराचा प्रवास: राचोलच्या छापखान्यापासून धसईच्या पाड्यांपर्यंत

धसई ज्या मुरबाड तालुक्यात वसले आहे, त्याच तालुक्यातून नाणेघाटाची चढण सुरू होते. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन काळातील राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातून देशावर जाणारे व्यापारी तांडे या लेखासमोरून जात. त्यांतील फार थोड्यांना तो वाचता येत असेल. अक्षर होते, पण ते कातळाला खिळलेले होते. वाचकाने त्याच्यापाशी जावे, हाच एक मार्ग होता. मुद्रणकलेने हे नाते उलटे केले. अक्षर वाचकाकडे जाऊ लागले. मात्र ते खरोखर पोहोचले केव्हा आणि कोणापर्यंत, हा प्रश्न आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी जवळून निगडित आहे. म्हणून त्याचा थोडक्यात परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

छापखाना गोव्यात उतरतो

जर्मनीतील माइन्झ शहरी योहान गुटेनबर्ग यांनी सुट्या खिळ्यांच्या साहाय्याने बायबल छापले ते १४५५च्या सुमारास. त्यानंतर अवघ्या शंभर वर्षांत, ६ सप्टेंबर १५५६ रोजी, भारतातील पहिला छापखाना गोव्यात उतरला. तो वास्तविक ॲबिसिनियातील धर्मकार्यासाठी निघाला होता; परंतु परिस्थितीवशात गोव्यातच राहिला. येशूसंघाचे जुआन दे बुस्तामांते यांनी तो चालविला. संत फ्रान्सिस झेवियर यांची धर्मशिक्षणाची पुस्तिका त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १५५७ साली, याच छापखान्यात छापली गेली. गार्सिया दा ओर्ता यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यातच प्रसिद्ध झाला.

ही पुस्तके पोर्तुगीज वा लॅटिन वाचणाऱ्यांसाठी होती. १५७८ साली कोल्लम येथे फादर हेन्रिक हेन्रिक्स यांची सोळा पानी धर्मपुस्तिका तमिळ लिपीत छापली गेली, तेव्हा भारतीय भाषेला स्वतःच्या लिपीत मुद्रित रूप मिळाले. मराठीला हे भाग्य लाभण्यास आणखी सव्वादोनशे वर्षे जावी लागली.

सहाशे साच्यांची अडचण

इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत याच भूमीत राहिले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवी. परंतु लिपी मात्र रोमन! हे त्यांना मान्य होते असे नाही. १६०८ साली रोमला पाठविलेल्या पत्रात, या प्रांताच्या भाषेत व लिपीत पुस्तके छापली जावीत ही आपली अनेक वर्षांची इच्छा असल्याचे त्यांनी कळविले. अडचणही सांगितली: युरोपच्या चोवीस अक्षरांना चोवीस साचे पुरतात, येथे मात्र सुमारे सहाशे साचे ओतावे लागतील. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीचा हा पसारा होतो. त्यांच्या हयातीत ते साचे ओतले गेले नाहीत.

‘ख्रिस्तपुराणा’च्या पुढील आवृत्त्या १६४९ व १६५४ साली निघाल्या. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे आणि उपवासकाळात तो गाणाऱ्या, ऐकणाऱ्या कुटुंबांमुळे. त्या हस्तलिखितांच्या आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला. देवनागरीतील आवृत्ती यायला १९५६ साल उजाडले. छापलेले नष्ट झाले आणि गायिलेले उरले, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

दरम्यान राज्यकर्त्यांचे धोरण पालटले. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज स्वीकारावी, असा हुकूम काढला. गोव्यातील मुद्रण तोवर मंदावलेच होते. १७५४ साली तर तेथे कोणासही छापखाना काढू देऊ नये असा आदेश लिस्बनहून आला. गोव्यात पुन्हा छपाई सुरू झाली ती १८२१ मध्ये. ज्या भूमीवर भारतातील पहिला छापखाना आला, तेथेच अक्षर मुके झाले. लोकभाषा दडपण्याच्या या धोरणाला तेव्हाच्या काही धर्माधिकाऱ्यांचेही पाठबळ होते, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

मराठी खिळा घडतो

देवनागरी खिळ्यांनी मराठी छापण्याचा मान बंगालमधील श्रीरामपूर येथील प्रोटेस्टंट मिशनऱ्यांकडे जातो. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण आणि संत मत्तयचे शुभवर्तमान १८०५ साली तेथे छापले गेले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून १८१७ पासून मराठी पुस्तिका निघू लागल्या. या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी यांनी पुढे स्वतःचा छापखाना काढून १८३१ साली मराठी पंचांग छापले. छापील पोथी सोवळ्यात चालत नाही, कारण शाईत चरबी असते, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. त्यावर तुपाची शाई वापरण्याची युक्ती निघाली. नव्या साधनाने आधी जुन्या श्रद्धेचा मान राखला आणि मगच त्याला घरात प्रवेश मिळाला.

यानंतर वेग वाढला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापली गेली. आपल्या ठाणे जिल्ह्याचा विचार करता, काशिनाथ विष्णु फडके यांनी १८६६ साली ठाण्यात ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र सुरू केले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग शहापूर तालुक्यातून कसाऱ्याकडे गेला आणि त्याच्या काठच्या गावांना टपाल व वर्तमानपत्रे लवकर मिळू लागली. मुरबाडच्या बाजूस तो मार्ग वळला नाही. धसईसारख्या गावापर्यंत छापील कागद यायचा तो बैलगाडीने, नाहीतर पायी.

वाचन बदलले, समाज बदलला

मुद्रणाने नेमके काय बदलले? पहिली गोष्ट, ग्रंथाची मालकी. पोथी एकाच्या घरी असे. त्याने उघडली तर इतरांनी ऐकायची. छापील प्रती अनेकांकडे गेल्यावर सांगणाऱ्याचे शब्द पडताळून पाहता येऊ लागले. दुसरी गोष्ट, वाचनाची रीत. अनेकांनी मिळून मोठ्याने ऐकण्याच्या बरोबरीने, एकट्याने मनात वाचण्याची सवय लागली आणि त्यातून स्वतःचे मत बनविण्याची सवयही लागली. तिसरी गोष्ट, बोलण्याचा अधिकार. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली. १८७७ साली कृष्णराव भालेकरांचे ‘दीनबंधु’ निघाले. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये स्त्रिया स्वतः खिळे जुळवीत आणि छपाईची कामे करीत. ज्यांच्याविषयी शतकानुशतके इतरांनीच लिहिले, ते आता स्वतः लिहू आणि छापू लागले.

या सामर्थ्याचे भयही सर्वांना वाटले. इंग्रज सरकारने १८७८ साली देशी वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा केला. ख्रिस्तसभेनेही निषिद्ध ग्रंथांची यादी १५५९ पासून १९६६ पर्यंत चालविली. छापलेले सर्वच सत्य नसते, ही सावधगिरी योग्यच होती. परंतु भीतीपोटी वाचकाला दूर ठेवल्याने सत्याचे रक्षण होत नाही, हेही आपण अनुभवाने शिकलो.

मराठी कॅथोलिकांचे छापील घर

कॅथोलिक मराठी नियतकालिकांमध्ये ‘निरोप्या’चे स्थान आगळे आहे. येशूसंघाचे फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली अहमदनगर जिल्ह्यातील (आजचा अहिल्यानगर जिल्हा) केंदळ येथून तो सुरू केला. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ केले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने (१९६२ ते १९६५) उपासनेचे दरवाजे लोकभाषांना खुले केले आणि पवित्र शास्त्र सर्व भाविकांच्या हाती असावे असे सांगितले. त्याच वाटेवर फादर दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली आले आणि अनुवादासाठी त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. २०२० साली उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २०२४ साली ते प्रभूघरी गेले. फादर स्टीफन्स यांची इच्छा पुरी व्हायला अशी चारशे वर्षे लागली.

धसईपुढील प्रश्न

१ डिसेंबर २०१६ रोजी धसई हे राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले. दुकानांत कार्डयंत्रे आली. वर्षभरात रोख व्यवहार पुन्हा रूढ झाल्याचे वृत्तपत्रांनी नोंदविले. यात गावकऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. १५५६च्या छापखान्यानेही हाच धडा दिला होता. यंत्र गावात येणे आणि ते लोकांच्या जीवनात रुजणे, यांत मोठे अंतर असते.

शहापूर व मुरबाडच्या पाड्यांवर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बांधव राहतात. त्यांच्या घरची बोली आणि आमच्या या पानांवरील ग्रांथिक मराठी यांतही अंतर आहे. त्या घरांतील कित्येक मुले कुटुंबातील पहिली वाचक आहेत. त्यांच्यासाठी आम्ही लिहितो का? की आमची अक्षरेही नाणेघाटातील लेखासारखी, समोरून जाणाऱ्याला न वाचता येणारी आहेत? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःला विचारतो.

उपाय फार दूरचे नाहीत. शास्त्रवाचन घरात मोठ्याने व्हावे. शाळकरी मुलाने आजीला वाचून दाखवावे आणि आजीने आपल्या बोलीत त्याचा अर्थ सांगावा. धर्मशिक्षकांनी प्रार्थना व बोधकथा त्या त्या बोलीत उतरवून घ्याव्यात. तशा लहान पुस्तिका धर्मग्रामांनी छापाव्यात. ‘ख्रिस्तपुराण’ कंठाने आणि हाताने जपले गेले, म्हणूनच पुन्हा छापता आले. मुद्रित शब्द आणि मुखीचा शब्द एकमेकांना असेच सांभाळत राहोत आणि आरंभी असलेला तो शब्द प्रत्येक पाड्यावर, प्रत्येकाच्या बोलीत ऐकू येवो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.