मेलेल्या धन्याचं नाणं

बगदादच्या खलिफा मुस्तासिमला हुलागूने १२५८ साली मारलं. तरीही दिल्लीच्या टंकांवर त्याचं नाव पुढे १२९६ पर्यंत, म्हणजे जलालुद्दीन खलजीच्या अखेरीपर्यंत, पडत राहिलं. हे वाचलं आणि मला ईस्ट इंडिया कंपनीचा सिक्का रुपया आठवला. मोगल बादशहा दुसरा शाह आलम १८०६ मध्ये वारला. पण त्याचं नाव आणि १९ वर गोठवलेलं त्याचं जुलूसवर्ष (राज्यारोहणापासूनचं वर्ष) घेऊन तो रुपया १८३५ पर्यंत निघत होता. या दोन्ही नाण्यांची कुळी एकच, असं माझं ठाम मत आहे.

मूळ सर्वश्रुत आहे: नाण्यावर आणि शुक्रवारच्या खुत्ब्यात ज्याचं नाव, तो राजा. मुहम्मद तुघलकापाशी मात्र थांबावंच लागतं. त्याची तांब्या-पितळेची नाणी लोकांनी नाकारली, सुभे फुटू लागले, आणि १३४० नंतर त्याने नाण्यावर स्वतःच्या जागी कैरोचा खलिफा मुस्तकफी याचं नाव घातलं. तोही तोवर वारला होता. गेलेली पत उसन्या नावाने परत आणायचा हा प्रयत्न होता, असंच मी धरतो.

कंपनीच्या रुपयाबाबत नाणेतज्ज्ञ बोट दाखवतात सराफांकडे. बंगालात जुन्या सनाच्या रुपयावर ते बट्टा कापत, म्हणून कंपनीने सन गोठवला. हे खरंच आहे. पण यातून सनाचा उलगडा होतो, नावाचा होत नाही. बंगालची दिवाणी कंपनीला १७६५ मध्ये मिळाली ती शाह आलमच्याच फर्मानाने. त्याचं नाव पुसलं असतं, तर तिचा स्वतःचाच कागद कच्चा पडला असता. पेशवाईतल्या अंकुशी रुपयावरही बादशहाचंच नाव होतं. चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा बाळाजी विश्वनाथांनी १७१९ मध्ये दिल्लीहूनच आणल्या होत्या.

शिवाजी महाराजांचं राजेपण अशा कागदावर उभं नव्हतं. १६७४ मध्ये काशीच्या घराण्यातल्या गागाभट्टांनी राज्याभिषेक केला, आणि होन-शिवराईवर महाराजांचं स्वतःचं नाव नागरीत उमटलं. रोजच्या तांब्याच्या व्यवहारात बाजाराने ते घेतलं. शिवराई तर राज्य गेल्यावरही चालत राहिली. बादशहाच्या नावावाचून चाललेलं हे नाणं सराफ-सिद्धान्ताला अडतं.

१८३५ च्या कायद्याने रुपयावर चौथ्या विल्यमचा मुखवटा आला. तरी १८५७ मध्ये इंग्रजांना नाण्यावरच्या नावाची धास्ती होतीच. बहादुरशाहच्या नाण्यासाठी शेर रचल्याचा आळ गालिबवर आला. तो नाकारत राहिला. त्याची पेन्शन १८६० पर्यंत बंद होती.