चेहरा कोणाचा, कमाई कोणाची?

माणच्या दुष्काळी मुलखात शिकेकाईसुद्धा जपून वापरणाऱ्या माझ्या आजीला वासाच्या साबणाचे मोठे अप्रूप होते. त्यावरून मला लीला चिटणीस आठवतात.

१९०९ साली धारवाडास जन्मलेल्या या पदवीधर बाईंनी चार मुलांच्या पालनपोषणासाठी नाटक-बोलपटांची वाट धरली. १९३९ च्या ‘कंगन’ने कीर्ती मिळाली, आणि १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय तारका ठरल्या. परंतु साबण कंपनीचा. बाईंचा केवळ चेहरा! पुढे त्यांनी स्वतः चित्रपट काढले, आईच्या भूमिका गाजविल्या, आणि २००३ साली अमेरिकेत देह ठेवला.

आज दूरचित्रवाणीवरील तारका स्वतःच्याच नावाने प्रसाधने विकून धनाढ्य होतात. हा फरक लहान नव्हे. आपल्या म्हसवडास १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक निघाली, तिचेही मर्म हेच: कष्ट आपले, तर खातेही आपल्याच नावे.

माझी आजी आयुष्यभर खुरपीत राहिली; तिच्या नावे साधे पासबुकही नव्हते. म्हणून सांगते, दिवाळीला मंडळाचे उटणे विकाल, तेव्हा पुडीवर आपले नाव घालण्यास लाजू नका.