उत्तराचे रूप आणि त्याचे गुण

गणिताची तपासलेली उत्तरपत्रिका घरी आली की भिलाईतील अनेक पालकांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : उत्तर बरोबर असताना गुण का कापले? १/√२ आणि √२/२ यांची किंमत एकच. मग एकाला पूर्ण गुण आणि दुसऱ्याला कमी का? या प्रश्नाला दीर्घ इतिहास आहे.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्यातील ‘लीलावती’त वर्तुळाचा परीघ काढण्याच्या दोन रीती आहेत. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागले तर परीघ सूक्ष्म येतो. २२ ने गुणून ७ ने भागले तर स्थूल, परंतु व्यवहारास पुरेसा. व्यास ७ असता पहिल्या रीतीने २१ पूर्णांक १२३९/१२५० येतात, दुसरीने २२. आचार्यांनी दोन्ही उत्तरांना स्थान दिले आणि कोणते कशासाठी, तेही सांगितले.

पुढे व्यवहारानेच उत्तराचे रूप ठरविले. रुपये-आणे-पैच्या काळात १९५ पै हे उत्तर अपुरे मानले जाई; ‘१ रुपया ३ पै’ असे लिहावे लागे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. भिलाईत पोलाद कारखान्याची उभारणी चालू होती, त्याच सुमारास ३ रुपये ४ आण्यांचे ३.२५ रुपये झाले. किंमत तीच राहिली, लिहिण्याची रीत बदलली.

छेदातील करणी काढून टाकण्याचा नियमही असाच सोयीतून रूढ झाला. हाताने आकडेमोड करताना १ ला १.४१४ ने भागण्यापेक्षा १.४१४ ला २ ने भागणे कितीतरी सोपे. गणकयंत्र आल्यावर ती गरज ओसरली, शिस्त मात्र टिकली.

म्हणून निवाडा प्रश्नाच्या शब्दांवरच व्हावा. ‘छेदाचे परिमेयीकरण करा’, ‘अतिसंक्षिप्त रूप द्या’, ‘दोन दशांश स्थळांपर्यंत काढा’ असे म्हटले असेल, तर उत्तराचे रूप हा प्रश्नाचाच भाग असतो. ते चुकले तर गुण जाणे न्याय्य आहे. चौरस सेंटीमीटरऐवजी नुसते सेंटीमीटर लिहिणे ही तर अर्थाचीच चूक. परंतु प्रश्न रूपाविषयी मौन असेल, तर समान किमतीच्या उत्तरांना समान गुण मिळाले पाहिजेत. पायरीनिहाय गुणदानाचे तत्त्वही हेच आहे : विचार योग्य असेल, तर निराळ्या मार्गाचाही मान राखावा.

येथे अर्ध्या गुणापेक्षा मोठे काही पणाला लागलेले असते. बरोबर उत्तर कारणावाचून कापले गेले, तर गणित म्हणजे परीक्षकाची आवड ओळखणे, असा मुलाचा समज होतो. तो समज पुढे पुसणे कठीण. यासाठी पालकांनी गुणांची बेरीज पाहण्याआधी मुलासोबत प्रश्न पुन्हा वाचावा. आणि शिक्षकांनी गुण कापताना त्याचे कारण समासात लिहावे.