शंभर दिवसांचा पहारा

२० मार्च १९८३. परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणींनी ९ वर्षांच्या मुलीवर देशातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. मज्जा तिच्या भावाची. डॉक्टर स्वतः लहानपणीच्या पोलिओमुळे व्हीलचेअरवर.

प्रत्यारोपणाआधी जुनी मज्जा औषधांनी नष्ट करतात. नवी रुजली तरी प्रतिकारशक्ती कित्येक महिने अपुरीच असते. अशा वेळी धोका बाहेरूनच येतो असं नाही. बहुतेक भारतीयांच्या शरीरात लहानपणापासून निपचित पडलेला सायटोमेगॅलोव्हायरस जागा होतो. त्या काळी तो फुप्फुसात पोचला की क्वचितच कुणी वाचे.

१९८९मध्ये अमेरिकेत गॅन्सायक्लोव्हिर मंजूर झालं, तेही एड्सच्या रुग्णांचे डोळे वाचवायला. प्रत्यारोपणात ते कामी आलं, पण नव्या मज्जेलाच मारक ठरू लागलं. मग पद्धत बदलली: ठरावीक दिवसांनी रक्तातला विषाणू मोजायचा आणि वाढला तरच औषध द्यायचं. २०१७मध्ये मज्जेला न दुखावणारं लेटरमोव्हिर आलं.

तपासण्या मात्र चुकत नाहीत. खुलताबादहून परळ तीनशेहून अधिक किलोमीटर. म्हणजे पहिले साधारण १०० दिवस रुग्णालयाजवळच खोली घ्यायची, सोबतीला घरातलं कुणीतरी काम सोडून राहायचं. औषधाच्या किमतीत हे भाडं आणि ही मजुरी कुणी धरत नाही. उपचार परवडतो की नाही, हे पुष्कळदा तिथेच ठरतं.