एका दिवसाची सहल आणि पाच शतकांची साक्ष : फुजियानमधील मातीच्या सामूहिक घरांचे पुनर्वाचन

प्रस्तावना

चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील शियामेन बंदरातून पर्यटकांच्या गाड्या सकाळी पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेशाकडे निघतात. काही तासांच्या प्रवासानंतर भातखाचरे, चहाचे मळे आणि तंबाखूची शेते यांच्या मधोमध मातीची प्रचंड वर्तुळे व चौकोन दिसू लागतात. या वास्तूंना ‘तुलौ’ असे म्हणतात. ‘तु’ म्हणजे माती आणि ‘लौ’ म्हणजे मजल्यांची इमारत. दोन-तीन खेडी पाहून, एखाद्या घरात चहा घेऊन पर्यटक सायंकाळी परततो. मार्गदर्शकाने दिवसभरात सांगितलेल्या कथेतील तीन विधाने त्याच्या मनावर ठसलेली असतात. ही घरे हक्का लोकांची आहेत. हक्का हे उत्तरेकडून आलेले निर्वासित होत. आणि शत्रूच्या भयापोटी त्यांनी ही किल्ल्यासारखी घरे बांधली.

ही कथा आकर्षक आहे आणि ती सर्वस्वी असत्यही नाही. तथापि सहलीच्या मार्गावरील व त्याच्या आसपासच्या वास्तूंचे बांधकामवर्ष, त्यांतील रहिवाशांची भाषा आणि बांधकामासाठी लागलेल्या पैशाचा उगम या तीन बाबी विचारात घेतल्या, तर कथेचा प्रत्येक भाग सैल पडू लागतो. प्रस्तुत लेखात ही तीन विधाने वास्तूंच्याच साक्षीने तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

वास्तूची रचना आणि सहजीवन

तुलौच्या बांधकामात नदीतील गोट्यांचे जोते घालून त्यावर चोपलेल्या मातीची भिंत उभी केली जाते. लाकडी साच्यात ओलसर माती थराथराने भरून ती धुमसाने ठोकून घट्ट करतात. माती, वाळू आणि चुना यांच्या मिश्रणात बांबूच्या कामट्या व लाकडाचे तुकडे आडवे घालून भिंतीला बळकटी आणली जाते. भिंत तळाशी जाड आणि वर निमुळती असते. दादी खेड्यातील एरयी लौ या १७७० मधील वास्तूची भिंत पायथ्याशी सुमारे अडीच मीटर जाड आहे. बाहेरच्या बाजूस खालच्या मजल्यांना खिडक्या नसतात. प्रवेशासाठी बहुधा एकच मुख्य दरवाजा असतो आणि त्याच्या फळ्यांवर लोखंडी पत्रा ठोकलेला असतो. दरवाजाला आग लावली गेल्यास वरून पाणी सोडण्याची सोयही काही ठिकाणी आढळते.

आतील व्यवस्था अधिक उद्बोधक आहे. तळमजल्यावर स्वयंपाकघरे, दुसऱ्या मजल्यावर धान्याची कोठारे आणि त्यावरील मजल्यांवर झोपण्याच्या खोल्या, अशी सर्वसाधारण रचना असते. घराची वाटणी आडवी नसून उभी असते. प्रत्येक कुटुंबाला तळापासून छपरापर्यंतचा एक उभा पट्टा मिळतो. त्यामुळे प्रत्येकाची चूल स्वतंत्र राहते. परंतु जिने, सज्जे, अंगण, विहीर आणि पूर्वजांचे दालन सामाईक असते. खोल्या जवळजवळ सारख्या आकाराच्या असल्याने कोणाचे घर मोठे, कोणाचे लहान हा भेद बाहेरून दिसत नाही.

गाओबेई येथील चेंगछी लौ हे या पद्धतीचे विख्यात उदाहरण आहे. जिआंग कुळाने बांधलेली ही वास्तू १७०९ साली पूर्ण झाली. एकात एक अशा चार वर्तुळांची तिची रचना असून बाहेरचे वर्तुळ चार मजली आहे. चिनी टपाल खात्याने १९८६ साली लोकवास्तूंवरील मालिकेत तिचे चित्र छापले.

या समतेची मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. खोल्यांची वाटणी पुत्रांच्या शाखांनुसार होत असे. घर एका आडनावाच्या पुरुषवंशाचे. मुली लग्न होऊन बाहेर जात आणि सुना बाहेरून येत. शेतात व घरात राबणारी स्त्री या वर्तुळाचा आधार होती, परंतु तिच्या नावाने पट्टा नव्हता. समान खोल्यांवरून समताधिष्ठित समाजाचा निष्कर्ष काढणे म्हणूनच घाईचे ठरेल.

पहिले विधान : ही घरे हक्कांची आहेत

‘हक्का’ हा शब्द मराठी वाचकास उपाहारगृहाच्या खाद्यपत्रिकेतून परिचित आहे. कोलकात्यातील टांगरा भागात चामडे कमावण्याचा व्यवसाय करणाऱ्या चिनी लोकांत हक्कांचे प्राबल्य होते आणि त्यांच्याच समाजाचे नाव भारतीय चिनी पाककृतीला चिकटले. मात्र या लोकांपैकी बहुतेकांचे मूळ गाव ग्वांगडोंग प्रांतातील मेइशिआन हे होय. तेथील पारंपरिक हक्का घर मातीचे उंच वर्तुळ नसून पाठीमागे अर्धवर्तुळाकार ओळ असलेले बैठे घर आहे. दक्षिण जिआंगशी प्रांतातील हक्कांची तटबंदीयुक्त घरे तर प्रामुख्याने चौकोनी आहेत. तात्पर्य, सर्व हक्का तुलौमध्ये राहत नव्हते.

याच्या उलट, सर्व तुलौ हक्कांचे नाहीत. वर उल्लेखिलेले एरयी लौ हुआआन जिल्ह्यात असून तेथील लोक मिननान, म्हणजे दक्षिण फुजियानी, बोली बोलतात. शिलालेखाच्या आधारे निश्चित तारीख सांगता येणाऱ्या वास्तूंकडे पाहिले असता हे अधिकच स्पष्ट होते. झांगपू येथील यिदे लौ १५५८ चे, तर हुआआन येथील छीयुन लौ १५९० चे आहे. ही दोन्ही स्थाने किनाऱ्याजवळच्या झांगझोउ परिसरातील, अर्थात मिननान भाषकांची आहेत. सोळाव्या शतकाच्या मध्यास या किनाऱ्यावर ‘वोकोउ’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाच्यांचा उपद्रव शिगेला पोहोचला होता, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. वास्तुविशारद व अभ्यासक हुआंग हानमिन यांनी वर्तुळाकार तुलौचे मूळ झांगझोउ परिसरात शोधले, ते याच स्वरूपाच्या पुराव्यांमुळे. नानजिंग जिल्ह्यातील (हा जिल्हा त्याच नावाच्या प्रसिद्ध महानगराहून वेगळा आहे) यूचांग लौ १३०८ मधील असल्याचे सांगितले जाते. परंतु परंपरेने सांगितलेली तारीख आणि दगडावर कोरलेली तारीख यांचे मोल इतिहासात सारखे नसते.

युनेस्कोने २००८ साली क्वेबेक येथील अधिवेशनात ४६ वास्तूंचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, तो ‘फुजियान तुलौ’ या नावाने. त्या नावात हक्का शब्द नाही. पर्यटनाच्या जाहिरातींत तो पुन्हा आला.

दुसरे विधान : हक्का हे उत्तरेचे निर्वासित

‘हक्का’ म्हणजे ‘पाहुणी कुटुंबे’. लुओ शिआंगलिन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हक्कांच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे झालेल्या पाच स्थलांतरांचा सिद्धान्त मांडला. मार्गदर्शकाच्या तोंडी आज जे ऐकू येते, त्याचे मूळ बहुतांशी येथे आहे. हक्कांना अस्सल चिनी न मानणाऱ्या पूर्वग्रहाला उत्तर देणे हा त्या काळी अशा लेखनाचा एक हेतू होता आणि त्यासाठी कुळांच्या वंशावळींचा विपुल वापर करण्यात आला. परंतु वंशावळी या प्रतिष्ठेसाठीही लिहिल्या जातात. लिऑंग सो-थेंग यांच्या १९९७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हक्का अस्मिता ही स्थलांतर, आर्थिक चढउतार आणि शेजाऱ्यांशी झालेली स्पर्धा यांतून घडल्याचे दाखविले आहे. दक्षिणेतील शे या डोंगरी समाजाशी झालेला दीर्घ संपर्कही आता अभ्यासक विचारात घेतात.

येथे भूगोलाचे भान ठेवणे अगत्याचे आहे. स्थानिक आणि ‘पाहुणे’ यांच्यातील रक्तरंजित संघर्ष १८५५ ते १८६७ या काळात झाला, तो ग्वांगडोंग प्रांतात. तुलौंचे माहेरघर मानला जाणारा योंगडिंग जिल्हा १४७८ साली स्थापन झाला. तेथे हक्का हे अल्पसंख्य पाहुणे नसून बहुसंख्य रहिवासी होते. ज्याच्या घरी सगळेच आपल्या बोलीचे, तो स्वतःला पाहुणा कशाला म्हणेल? पश्चिम फुजियानमध्ये ‘हक्का’ ही जाणीव प्रामुख्याने विसाव्या शतकात रुजली. म्हणजेच अनेक तुलौ त्यांच्यावरील आजच्या नावाच्या पाटीपेक्षा जुने आहेत.

तिसरे विधान : शत्रूच्या भयाने बांधलेले किल्ले

संरक्षणाचा हेतू नाकारता येत नाही. जाड भिंती, एकच दरवाजा आणि वरच्या मजल्यांवरील अरुंद झरोके त्याची साक्ष देतात. तिआनलुओकेंग येथील १७९६ मधील चौकोनी बुयुन लौ १९३६ साली जाळण्यात आले, यावरून भय काल्पनिक नव्हते हेही दिसते. परंतु तेच घर १९५३ मध्ये पुन्हा उभारले गेले आणि त्याच्या शेजारील लंबवर्तुळाकार वेनचांग लौ तर १९६६ चे आहे. तेव्हा त्या डोंगरात ना चाचे होते, ना दरोडेखोरांच्या टोळ्या. मग ते कोणाच्या भयाने बांधले?

उत्तर भयाबाहेर शोधावे लागते. भाऊबंदांची श्रमशक्ती उपलब्ध होती. माती, बांबू आणि लाकूड हाताशी होते. अनेक कुटुंबांना थोड्या जागेत सामावून घ्यायचे होते. आणि घर म्हणजे काय याची एक ठरलेली कल्पना लोकांच्या मनात होती. याशिवाय पैसा लागे. योंगडिंगचा बारीक चिरलेला तंबाखू छिंग काळात दूरदूरच्या बाजारांत जाई. होंगकेंग येथील १९१२ मधील झेनचेंग लौ लिन कुळाने तंबाखू चिरण्याच्या सुऱ्यांच्या व्यवसायातून मिळविलेल्या पैशावर बांधले. त्याच्या पूर्वज-दालनाच्या दर्शनी भागातील पाश्चात्त्य धाटणीचे स्तंभ हे भयाचे नव्हे, तर वैभवाचे चिन्ह होत. पुढे आग्नेय आशियातून येणाऱ्या पैशाचीही त्यात भर पडली. टायगर बामचा व्यापार जगभर नेणारे हू वेनहू यांचा जन्म १८८२ साली रंगूनमध्ये झाला. त्यांचे मूळ गाव योंगडिंगमध्येच आहे. मातीच्या बंद भिंतीआड राहणारा हा समाज जगापासून तुटलेला नव्हता.

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी उपग्रहांना ही वर्तुळे क्षेपणास्त्रांची कोठारे वाटली, ही सहलीत हमखास सांगितली जाणारी गोष्ट दंतकथा म्हणूनच ऐकावी. २०२० च्या ‘मुलान’ चित्रपटात उत्तर चीनच्या लोककथेतील नायिकेचे घर तुलौ दाखविण्यात आले. एका प्रदेशाची वास्तू ‘प्राचीन चीन’चे सरसकट चित्र कशी बनते, याचा तो बोलका नमुना होय.

निष्कर्ष

वरील विवेचनाचा उद्देश मार्गदर्शकाला खोटे ठरविणे हा नाही. त्याला काही तासांत शेकडो वर्षे सांगावयाची असतात आणि एक लोकसमूह, एक प्रवास व एक शत्रू अशी कथा लक्षात राहण्यास सोपी असते. मात्र या सोपेपणाची किंमत कोणी तरी मोजते. हक्का या एका शब्दाने मिननान शेतकऱ्यांच्या हातचे काम पुसले जाते. ‘किल्ला’ या शब्दाने तंबाखूचा व्यापार आणि परदेशी गेलेल्यांचे कष्ट झाकले जातात. ‘प्राचीन’ या शब्दाने १९६६ साली माती चोपणारे हात अदृश्य होतात.

याहून गंभीर बाब वर्तमानाशी निगडित आहे. एकेका तुलौमध्ये ८०० पर्यंत माणसे राहू शकत, असे युनेस्कोची नोंद सांगते. आज तरुण पिढी शहरांकडे गेल्याने अनेक घरांत मोजकी वृद्ध माणसे उरली असून तळमजल्यावरील चुलींच्या जागी चहा व स्मरणवस्तूंची दुकाने दिसतात. मातीची भिंत नित्य देखभाल मागते. पागोळ्यांचे पाणी भिंतीला लागू न देण्यासाठी छपराची डागडुजी सतत करावी लागते. ती वर्षानुवर्षे राहत्या माणसांनी केली. वारशाची पाटी लावल्याने भिंत टिकत नाही, ती रहिवाशांमुळे टिकते.

इतिहासाच्या अध्यापकास यातून एक कार्यपद्धती घेता येते. विद्यार्थ्यांसह कोणत्याही वारसास्थळी गेल्यावर तीन प्रश्न विचारावेत : ही तारीख दगडावर आहे की केवळ आठवणीत? येथील माणसे कोणती बोली बोलत होती? आणि बांधकामाचा पैसा कोठून आला? तुलौच्या अंगणात उभे राहून हे प्रश्न विचारले, तर एक दिवसाची सहलही पुष्कळ काही शिकवू शकते.